सत्तावीस विरुद्ध शून्य

१९२१ सालच्या हिवाळ्यात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांचा आइस हॉकीचा सामना झाला, तो इंग्लंडात नव्हे, तर स्वित्झर्लंडमधील म्यूरेन नावाच्या डोंगरमाथ्यावरील खेड्यात. ऑक्सफर्डने २७ गोल केले. केंब्रिजला एकही करता आला नाही. या दोन विद्यापीठांतील चुरस ही सर्वश्रुत गोष्ट आहे. नावांच्या शर्यतीत अर्ध्या नावेच्या लांबीवरून वर्षभर वाद घालणारे हे लोक. त्यांच्या एका सामन्याचा निकाल असा लागावा, ही प्रथमदर्शनी थट्टाच वाटते. आणि खेळ म्हणून पाहिले तर ती थट्टा होतीही. परंतु श्रोतेहो, तो संघ कोणाचा होता, तो इतक्या दूर बर्फ शोधीत का गेला होता, आणि पुढे दोनच वर्षांत याच विद्यापीठाचा संघ त्या देशात कोणाबरोबर खेळला, हे पाहू लागले की क्रीडावृत्ताच्या स्तंभात न मावणारी हकीकत हाती लागते.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि हिरवे मैदान डोळ्यांपुढे येते. आइस हॉकी ही त्या खेळाची बहीण खरी, पण स्वभावाने फार वेगळी. येथे चेंडूऐवजी कडक रबराची एक चपटी चकती असते. तिचा व्यास तीन इंच, जाडी इंचभर आणि वजन पाचसहा औंस. पायांत पोलादी पात्यांचे बूट असल्यामुळे धावणे हा प्रकारच नाही, आहे ते घसरणे. आणि घसरणारा माणूस धावणाऱ्याच्या कितीतरी पुढे जातो. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे हे नियमांत बसते. म्हणून या खेळात पहिली विद्या चकती मारण्याची नव्हे, पायांवर उभे राहण्याची. ती विद्या विसाव्या वर्षी शिकावी म्हटले तर येत नाही. ज्याने चौथ्यापाचव्या वर्षी गोठलेल्या तळ्यावर पडून गुडघे फोडून घेतले आहेत, त्यालाच ती येते. कॅनडातील गावोगावची मुले वर्षातून चार-पाच महिने हेच करीत असत.

युरोपात त्यापूर्वी बर्फावर खेळला जाई तो बँडी नावाचा खेळ. त्यात चेंडू असे आणि काठी आखूड असे. ऑक्सफर्ड-केंब्रिज यांच्या बर्फावरील सामन्यांची परंपरा १८८५ मध्ये सेंट मॉरित्स येथे सुरू झाली असे ऑक्सफर्डचे लोक अभिमानाने सांगतात. परंतु तो सामना खरोखर झालाच असेल, तर बँडीचाच असावा, अशी शंका संशोधकांनी घेतली आहे आणि मला ती रास्त वाटते. जुन्या संस्थांना आपले वय वाढवून सांगण्याची हौस असते. १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने कॅनडाचे नियम स्वीकारले आणि मग युरोपातही चकतीचे राज्य सुरू झाले.

आता हे कॅनडाचे तरुण ऑक्सफर्डला इतक्या संख्येने कसे आले? त्याचे उत्तर एका मृत्युपत्रात आहे. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर अपार संपत्ती मिळवलेले सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारले. साम्राज्यातील वसाहतींतून आणि अमेरिकेतून निवडक तरुणांनी ऑक्सफर्डला येऊन शिकावे, यासाठी त्यांनी आपला पैसा ठेवला. निवडीच्या कसोट्यांत त्यांनी विद्वत्तेच्या जोडीला मर्दानी मैदानी खेळांची आवड हीही घातली होती. ही सोय केवळ ऑक्सफर्डपुरती होती, केंब्रिजला तीतून काही मिळत नसे. त्या सत्तावीस गोलांचे निम्मे रहस्य या एका कलमात आहे. दरवर्षी कॅनडाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बुद्धिमान आणि खेळात तरबेज अशी मुले वेचून आणावयाची आणि ती सगळी एकाच विद्यापीठाच्या पदरात टाकावयाची, असा तो प्रकार होता. महायुद्धापूर्वी तर या मंडळींनी ‘ऑक्सफर्ड कॅनेडियन्स’ या नावाचा आपला निराळा संघच काढला होता आणि युरोपभर त्याचा दबदबा होता. जाता जाता एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या मृत्युपत्रात हिंदुस्थानासाठी जागा नव्हती. भारतीय विद्यार्थ्यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळू लागली ती १९४७ पासून.

तेव्हा खेळाडू होते, केंब्रिजसारखा प्रतिस्पर्धी होता. नव्हता तो फक्त बर्फ. ऑक्सफर्डच्या हिवाळ्यात पाऊस पडतो, धुके पडते, टेम्स नदी काठावरच्या कुरणांत पसरते. पण माणसाचा भार पेलणारा बर्फ क्वचित जमतो. लंडनमध्ये नाइट्सब्रिज भागात ‘प्रिन्सेस स्केटिंग क्लब’ नावाचे कृत्रिम बर्फाचे सुंदर सभागृह होते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे विद्यापीठांचे सामने तेथेच होत. १९१७ मध्ये ते बंद झाले. युद्ध संपले तेव्हा लंडनसारख्या महानगरात आइस हॉकी खेळण्याजोगी एकही जागा उरली नव्हती. मँचेस्टरला एक रिंक होता, पण तो दूर. ऑक्सफर्ड गावात रिंक झाला तो थेट १९३० साली. म्हणजे ज्या संघाने सत्तावीस गोल केले, त्याला आपल्या गावी सरावासाठी एक वावभर बर्फ मिळत नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सत्र संपे, जानेवारीच्या मध्यास पुढचे सुरू होई. मधल्या चार-सहा आठवड्यांत काठ्या आणि बूट गळ्यात अडकवून हे विद्यार्थी आगगाडीने स्वित्झर्लंड गाठीत. सराव, सामने, दौरा, सगळे त्यातच. संघाचा मोसम म्हणजे नाताळची सुटी.

म्यूरेन हे ठिकाण का, याची कथा आपल्याला थोडी जवळची आहे. लाउटरब्रुनेनच्या खोल दरीच्या काठावर, साडेपाच हजार फुटांच्या आसपास उंचीवर हे खेडे वसले आहे. आपल्या महाबळेश्वरापेक्षा सुमारे हजार फूट अधिक. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरे. खालून गाडीरस्ता नाही. तारेने ओढल्या जाणाऱ्या गाडीने आणि मग लहानशा आगगाडीने वर जावयाचे. हिवाळ्यात हे सगळे बंदच असे. सर हेन्री लन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी महायुद्धापूर्वी ती गाडी हिवाळ्यातही सुरू करविली आणि इंग्रज पाहुणे आणून हॉटेले भरली. हे लन मूळचे मेथडिस्ट धर्मोपदेशक. १८८७ मध्ये ते मिशनचे काम करण्यासाठी मद्रासला आले होते. प्रकृती न मानवल्यामुळे वर्षभरात परत गेले आणि मिशनऱ्यांच्या ऐषारामी राहणीवर टीका करून त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. पुढे प्रवासव्यवस्थेच्या धंद्यात त्यांनी नाव काढले. त्यांचा मुलगा आर्नल्ड लन १८८८ मध्ये मद्रासलाच जन्मला. बर्फावरून घसरण्याच्या स्कीइंग या खेळात आज जगभर होणारी, खुणेच्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची ‘स्लालम’ शर्यत या आर्नल्डने आधुनिक स्वरूपात प्रथम घेतली, ती म्यूरेन येथेच, आणि तीही त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९२२ मध्ये. एका खेड्याच्या एका मोसमात इतके घडणे हा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

आता त्या संघाकडे वळू. त्यातील तिघांची नावे पुढे फार मोठी झाली. पहिले लेस्टर पिअर्सन. यांचाही जन्म मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी, १८९७ मध्ये, टोरांटोच्या परिसरात. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते विद्यार्थी होते. १९१५ मध्ये सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती होऊन ते सालोनिकाच्या आघाडीवर गेले, नंतर विमानदलात आले. लेस्टर हे नाव वैमानिकाला फार मिळमिळीत वाटते म्हणून तेथील अधिकाऱ्याने त्यांचे नाव ‘माइक’ ठेवले आणि ते जन्मभर चिकटले. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर दिवे मालवलेल्या लंडनच्या रस्त्यावर बसगाडीची धडक बसून त्यांचे युद्ध संपले. घरी परतल्यावर त्यांनी ‘आर्मर’ नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरी केली. आर्मर म्हणजे चिलखत; त्यावरून पुढे रशियनांनी आपल्याला शस्त्रास्त्रांच्या कारखान्याचा माणूस ठरविले, अशी गंमत ते सांगत असत. या नोकरीत मन रमेना म्हणून मॅसी घराण्याच्या निधीतून मिळालेल्या विद्यावृत्तीवर ते १९२१ च्या शरदात ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. म्हणजे म्यूरेनला गेले तेव्हा त्यांचे वय चोवीस होते.

दुसरे रोलंड मिचनर, आल्बर्टा प्रांतातून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर आलेले, कायद्याचे विद्यार्थी, जन्म १९०० चा. तिसरे रिचर्ड बॉनीकॅसल, मॅनिटोबाचे. हे पुढे ‘हडसन्स बे’ कंपनीच्या नोकरीत उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात अनेक वर्षे राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी विनिपेगला स्वस्त पुस्तकांची ‘हार्लेक्विन’ ही प्रकाशनसंस्था काढली. याच संस्थेने १९७१ मध्ये इंग्लंडची ‘मिल्स अँड बून’ विकत घेतली. आपल्या रेल्वे स्थानकांवरील दुकानांत आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत ज्या प्रेमकथांची पारायणे झाली, त्यांच्या मालकीचा धागा असा म्यूरेनच्या बर्फापर्यंत पोचतो.

या तरुणांचा खेळ कसा होता? पिअर्सन यांना स्विस प्रेक्षकांनी ‘हेर झिगझॅग’ असे नाव ठेवले होते. या नावात त्या काळच्या खेळाचे मर्म आहे. पुढे उभ्या असलेल्या सोबत्याकडे चकती ढकलण्यास नियमांनी तेव्हा फार थोडी मुभा दिली होती. चकती पुढे न्यावयाची तर ती स्वतःच्या काठीच्या टोकाशी खेळवीत, समोरच्या माणसाला डावीकडे झुकवून उजवीकडून, उजवीकडे झुकवून डावीकडून, अशी न्यावी लागे. नागमोडी चाल ही लहर नव्हती, गरज होती. उघड्यावरचा नैसर्गिक बर्फ. रात्री पाणी शिंपून गोठवलेला, दुपारच्या उन्हात मऊ पडणारा. हवा विरळ, दम लवकर लागणारा. कॅनडाच्या माळावर वाढलेल्या पोरांना यांतले बर्फाचे दुखणे ओळखीचे होते. केंब्रिजकडून उतरलेल्यांची गोष्ट वेगळी. चांगल्या घरची इंग्रज मुले सुट्यांत स्केटिंग शिकत ते आकृत्या काढण्यासाठी आणि मिरवण्यासाठी. समोरून अंगावर येणाऱ्या हेर झिगझॅगला अडवणे हे त्या शिक्षणात बसत नव्हते.

केंब्रिजचा गोलरक्षक कोण होता, याची आठवण फारसे कोणी काढीत नाही. मला मात्र या हकिकतीत त्याच्याविषयी सर्वांत अधिक कुतूहल वाटते. सत्तावीस वेळा चकती जाळ्यातून बाहेर काढून द्यावयाची आणि पुन्हा वाकून उभे राहावयाचे, ही काही लहान गोष्ट नव्हे. तो निघून गेला नाही आणि सामना पुरा झाला.

हा निकाल जगावेगळा होता असेही समजू नये. १९२० मध्ये अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये आइस हॉकी प्रथम खेळली गेली, तेव्हा कॅनडाच्या विनिपेग फाल्कन्स संघाने चेकोस्लोव्हाकियावर १५ विरुद्ध ० आणि स्वीडनवर १२ विरुद्ध १ अशी मात केली. १९२४ च्या शामोनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये टोरांटो ग्रॅनाइट्सने चेकोस्लोव्हाकियाला ३० आणि यजमानांच्या शेजारी स्वित्झर्लंडला ३३ गोलांनी हरविले. दोघांनाही एकही गोल करू दिला नाही. अँटवर्पचे फाल्कन्स हे आइसलंडमधून आलेल्या कुटुंबांतले, आणि त्यांतले बरेच युद्धावर जाऊन आलेले. तेव्हा युरोपने या काळात कॅनडाकडून मार खात खातच हा खेळ शिकून घेतला. ऑक्सफर्डचा संघ म्हणजे या पाठशाळेची विद्यापीठातली शाखा. त्याचे खरे सामने केंब्रिजशी नव्हतेच. ते होते स्विस गावांच्या संघांशी आणि स्वित्झर्लंडच्या निवडक संघाशी. तेथे स्पर्धा होती, प्रेक्षक होते आणि काही शिकण्या-शिकविण्यासारखे होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तीकडे येतो. १९२१ चे युरोप हे तहानंतरचे युरोप होते, सलोख्याचे नव्हे. ऑक्सफर्डच्या सुमारे २७०० जणांनी युद्धात प्राण दिले होते. प्रत्येक कॉलेजात स्मृतिशिलांची तयारी चालू होती. ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रात जर्मन विद्यार्थ्यांसाठीही शिष्यवृत्त्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रज, अमेरिकन आणि जर्मन या तीन समाजांत सख्य राहिले तर जगात युद्ध होणार नाही, असा त्या साम्राज्यवादी गृहस्थाचा हिशेब होता. १९१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून त्या शिष्यवृत्त्या रद्द केल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या १९३० मध्ये. म्हणजे पिअर्सन आणि मिचनर यांच्या काळात ऱ्होड्सचा कॅनेडियन विद्यार्थी ऑक्सफर्डला होता, जर्मन विद्यार्थी नव्हता. खेळाच्या जगातही हेच. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांना निमंत्रण नव्हते. १९२४ ला जर्मनीला नव्हते. आइस हॉकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तर जर्मनीला काढूनच टाकले होते. परत घेतले ते १९२६ मध्ये.

अशा वेळी दावोस येथील कार्ल स्पेंग्लर या डॉक्टरांनी एक चषक ठेवला. दावोस हे क्षयरोग्यांचे गाव. स्पेंग्लर यांच्या वडिलांनी तेथील कोरड्या थंड हवेची कीर्ती युरोपभर पसरविली होती आणि थॉमस मान यांची १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘जादूचा डोंगर’ या अर्थाच्या नावाची कादंबरी त्याच वातावरणात घडते. ज्या गावात निरनिराळ्या देशांचे रोगी शेजारी शेजारी खाटा टाकून उन्हात पडलेले असत, तेथे ही कल्पना निघावी हे मला स्वाभाविक वाटते. युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या राष्ट्रांच्या तरुणांनी बर्फावर तरी पुन्हा एकत्र यावे, असा डॉक्टरांचा हेतू होता. राष्ट्रसंघांना बंदी होती, म्हणून त्यांनी क्लबांना बोलाविले. १९२३ च्या डिसेंबरात पहिली स्पर्धा झाली. बर्लिनचा संघ आला आणि ऑक्सफर्डचाही आला. चषक ऑक्सफर्डने जिंकला. पुढच्या वर्षी बर्लिनने जिंकला, १९२५ मध्ये पुन्हा ऑक्सफर्डने, १९२६ मध्ये पुन्हा बर्लिनने. ज्या विद्यापीठाच्या दप्तरात जर्मन विद्यार्थ्याचे नाव अद्याप परत यावयाचे होते, त्याचे खेळाडू आणि बर्लिनचे खेळाडू असे एकाच चषकासाठी आळीपाळीने झगडत होते.

यावरून या मुलांनी शांततेचा ध्वज उभारला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांना सुटीत चांगला खेळ हवा होता, आणि बर्लिनचा संघ चांगला खेळत होता. केंब्रिजला सत्तावीस गोलांनी हरवून कोणाची भूक भागते? तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा म्हणून माणूस शत्रूच्या दाराशीही जातो. तरीसुद्धा तो गेला, एवढे खरे. आणि खेळाने सगळे मिटते या भाबड्या समजुतीला उत्तरही त्याच स्पर्धेच्या इतिहासात आहे. १९२८ मध्ये बर्लिनने चषक जिंकला तेव्हा रूडी बॉल हा त्यांचा तरुण खेळाडू होता, जन्माने ज्यू. हिटलरच्या सत्तेनंतर त्याला देश सोडावा लागला. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी जगाला दाखविण्यापुरते त्याला परत बोलावून संघात घेण्यात आले.

पिअर्सन हे १९२३ च्या त्या पहिल्या विजयी संघात होते असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मला ते जुळत नाही. त्यांनी ऑक्सफर्डची पदवी १९२३ मध्ये घेतली आणि त्यानंतर ते टोरांटो विद्यापीठात इतिहास शिकवू लागले. सोबत तेथील विद्यार्थ्यांच्या संघांना खेळही शिकवीत. चषकाची पहिली स्पर्धा नाताळानंतरची. मोठ्या माणसाच्या नावावर शेजारच्या वर्षाचा पराक्रमही चढतो, त्यातलाच हा प्रकार असावा. त्यांचा स्वतःचा मोसम म्यूरेनचा, आणि तो त्यांना पुरेसा होता.

पुढचे पिअर्सन आपल्याला ठाऊक आहेत. शिक्षकी सोडून ते परराष्ट्र खात्यात गेले. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर त्या आसनावर बसल्या त्या आपल्या विजयालक्ष्मी पंडित. १९५६ मध्ये सुएझच्या प्रश्नावरून इंग्लंड, फ्रान्स आणि इस्राएल यांनी इजिप्तवर चढाई केली, तेव्हा लढणाऱ्यांच्या मध्ये उभे राहील असे संयुक्त राष्ट्रांचे सैन्य धाडण्याचा ठराव पिअर्सन यांनी मांडला. नोव्हेंबरच्या ४ तारखेला आमसभेने तो मंजूर केला. त्या दलात भारताच्या तुकड्या होत्या. पुढे त्याचे नेतृत्व जनरल ग्यानी आणि जनरल रिखी या भारतीय सेनानींनीही केले. १९५७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक पिअर्सन यांना या कामासाठी मिळाले.

परंतु त्याच प्रसंगी त्यांना एक अपमान सोसावा लागला. आपल्या देशाचे सैनिक या दलात पाठवू लागले तर इजिप्तने हरकत घेतली. कॅनडाच्या पायदळ पलटणीचे नाव ‘क्वीन्स ओन रायफल्स’, पोशाख ब्रिटिशांसारखा, आणि निशाणाच्या कोपऱ्यात ब्रिटिश निशाण! ज्यांच्याशी आम्ही लढलो त्यांच्यात आणि यांच्यात आमच्या लोकांनी फरक तो कसा करावा, हा इजिप्तचा सवाल बिनतोड होता. कॅनडाला स्वतःचे निशाण हवे, ही गोष्ट पिअर्सन यांच्या मनात तेव्हा पक्की बसली. १९६३ मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांनी ती धरून लावली आणि देशात मोठे वादळ उठले. मार्च १९६४ मध्ये जॉर्ज स्टॅन्ली नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी एक टिपण लिहून सुचविले की दोन्ही बाजूंस तांबडे पट्टे आणि मध्ये पांढऱ्यावर मेपलचे एकच तांबडे पान असावे. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी तेच निशाण वर चढले. हे स्टॅन्ली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले होते. आणि १९३१ मध्ये विद्यापीठाने दावोसचा चषक तिसऱ्यांदा जिंकला, त्या आइस हॉकी संघात ते होते.

मिचनर यांची वाट निराळी. वकिली, मग राजकारण, आणि तेही पिअर्सन यांच्या विरोधी पक्षातून. १९५७ ते १९६२ ते कॅनडाच्या लोकसभेचे सभापती होते. निवडणुकीत पराभूत झाल्यावर पक्षभेद बाजूला ठेवून पिअर्सन यांनी १९६४ मध्ये त्यांना भारतात उच्चायुक्त म्हणून पाठविले. नेहरूंच्या निधनानंतरचे, शास्त्रीजींच्या अल्प कारकिर्दीचे आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धाचे ते दिवस. दिल्लीत हे गृहस्थ तीन वर्षे राहिले. मार्च १९६७ मध्ये कॅनडाचे गव्हर्नर जनरल व्हॅनिए निवर्तले आणि पिअर्सन यांनी त्या पदासाठी मिचनर यांचे नाव सुचविले. १७ एप्रिल १९६७ रोजी ओटावाला त्यांचा शपथविधी झाला. सत्ता सांभाळणारे पंतप्रधान त्या दिवशी ६९ वर्षांचे होते आणि शपथ घेणारे ६६ वर्षांचे. बाहेर फडकत होते ते मेपलच्या पानाचे निशाण, वयाने अवघे दोन वर्षांचे.